आमरसाच्या चौथ्या वाटीचं काय करावं? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: हापूसची एक पेटी, गरम पुऱ्या, रविवारची दुपार आणि कुणी पाहुणा टपकणार नाही याची खात्री. पेटीवर ‘देवगड’ छापलंय म्हणून आंबा देवगडचाच असेल असं नाही. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात आरामात बसलेला दिसतो. पण सुखाच्या शोधात निघालेल्याने इतकी चौकशी करू नये, पैसे देऊन मोकळं व्हावं.

पहिली वाटी घेताना बोलू नये. डोळे आपोआप मिटतात, ते मिटू द्यावेत. दुसरीत तूप आणि चिमूटभर मिरपूड. तिसरी आग्रहाची. चौथी मात्र स्वतःच मागून घ्यायची, कारण पहिलीत जे झालं ते पुन्हा व्हायला हवं असतं. ते होत नाही. आंबा तोच असतो, जीभ निराळी झालेली असते. नवशिका इथे हमखास चुकतो: त्याला वाटतं, पेटीच खराब निघाली. पुढच्या रविवारी तो आणखी महागडी आणतो. असे तीन-चार रविवार झाले की मजेचा अभ्यासक्रम पुरा झाला असं समजावं.

निराश होऊ नका, आपल्याआधी उंदीर या वाटेने गेलेले आहेत. 1954 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी त्यांच्या मेंदूत तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली की मेंदूला विजेची हलकी गुदगुली. उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबत राहिले. उंदीर सुखात आहे, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पुढे केंट बेरिज यांच्या प्रयोगांतून कळलं, की हवं वाटणं आणि आवडणं ही मेंदूची दोन वेगळी खाती आहेत. एकाची शिल्लक संपली तरी दुसरं उचल करतच राहतं. चौथी वाटी याच खात्यावर येते. (रात्री एक वाजता मोबाइलवर फिरणारा अंगठाही.)

आता दुसरा पाठ, समाधानाचा. याची पेटी मिळत नाही, त्यामुळे कृती सांगणं अवघड. आमच्या आजीची अढी होती, तेवढं सांगतो. मनात धरतात ती अढी नव्हे. माजघरात भाताच्या पेंढ्यावर कच्चे आंबे मांडून वरून पुन्हा पेंढा घालतात ती. रोज संध्याकाळी ती पेंढ्यात हात घालून एकेक आंबा फिरवायची, देठाशी वास घ्यायची, नासका बाहेर काढायची. आम्ही मागे लागलो की म्हणायची, “उद्या विचार.” त्या अर्ध्या तासात तिला हाक मारलेली चालत नसे.

नवशिक्यांनी यावरून डोळ्यांत पाणी आणू नये. चांगले आंबे पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात जायचे, तिच्या वाट्याला डागाळलेला अर्धा आंबा आणि कोयी. हे काही तिने हौसेने निवडलेलं नव्हतं, आणि त्याला त्याग म्हणून मखरात बसवणं आपल्याला फार सोयीचं जातं. तरी अढीपाशी बसलेली ती मला आठवते, तेव्हा तिला काहीच हवं नसायचं. “सुखी आहेस का?” असं विचारलं असतं, तर कामात लुडबूड केली म्हणून ओरडली असती.

तेव्हा सराव असा करा. पिकलेली पेटी आणण्याऐवजी कच्चे आंबे आणून पेंढ्यात घाला आणि रोज नुसता वास घ्या. दोन-चार नासतील. फ्लॅटमध्ये चिलटं होतील. घरचे बोलतील.

आणि चौथी वाटी? ती झाकण ठेवून शेजारी पाठवावी. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे थोडी कळ काढावी लागते. गेल्या वर्षी आमचं भांडं तिसऱ्या दिवशी परत आलं. आत कैरीची डाळ होती, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. ती कशी खावी याची कृती इथे देत नाही. होतीच वाटीभर, आणि खाणारे आम्ही चौघं.