सील शाबूत, आत बुरशी

२०२२ साली मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयाला सांगितलं की मालखान्यात ठेवलेला जप्तीचा ५८१ किलो गांजा उंदरांनी फस्त केला. लोक हसले. मला मात्र उंदरांचं कौतुक वाटलं. एवढा गांजा पोटात जाऊनही त्यांनी ठाण्यात साधी आरडाओरड केल्याची नोंद नाही. शिवाय गांजा निदान किलोत मोजतात, गेला की कळतं तरी. डीएनए तपासणीसाठी कापसाच्या बोळ्यावर टिपलेला रक्ताचा डाग गेला तर कोणाच्या लक्षात येणार?

खरं तर डाग टिकवायला फार काही लागत नाही. ओला कपडा सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, कोरड्या थंड जागी ठेवायचा. पण यात पराक्रम कुठे दिसतो? त्यापेक्षा ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबावा, वर लाख लावावी, पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि मुद्देमाल कारकुनाच्या हवाली करावा. मग ती पिशवी हातभट्टीचे कॅन आणि बेवारस मोटारसायकलींचे सुटे भाग यांच्या सोबतीने अख्खा पावसाळा काढते. यथावकाश प्रयोगशाळेत पोचते. सील शाबूत, आत बुरशी. कागदोपत्री कोणाचंच काही चुकलेलं नसतं. (बुरशीलाही डीएनए असतो, पण तिला आरोपी करता येत नाही.)

दिल्लीतल्या छावला प्रकरणात नमुने ११ दिवस मालखान्यात पडून होते. गुन्हा २०१२चा, एका मुलीवरच्या बलात्काराचा आणि तिच्या खुनाचा. फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सोडलं, आणि त्या दिवसांत नमुन्यांशी छेडछाड झाली नसेलच असं म्हणता येत नाही, असंही नोंदवलं. ते तिघे खरोखर निर्दोष होते की नाही, हे त्या मुलीच्या आईवडिलांना आता कोण सांगणार?

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला मुक्त करताना याच न्यायालयाने देशभरच्या पोलिसांना नियम घालून दिले. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू नका. कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, त्याची नोंदवही ठेवा. नियम उत्तम आहेत. फक्त ही नोंदवही निकालापर्यंतच चालवायची: शिक्षा झाली किंवा सुटका झाली की संपली. पुढची वीस वर्षं माणूस जन्मठेप भोगतो आणि बोळा रामभरोसे.

अमेरिकेने २००४ साली केंद्रीय कायदा करून, काही अपवाद सोडता, कैदी आत असेपर्यंत जैविक पुरावा सांभाळणं सरकारवर बंधनकारक केलं. आपणही मागे नव्हतो. २०१९ साली लोकसभेत डीएनए विधेयक आलं. संसदीय समितीने ते एकदा उघडून पाहिलं, पुन्हा नीट ठेवून दिलं, आणि २०२३ साली सरकारने ते सुस्थितीत परत नेलं. या देशात डीएनएच्या नावाची इतकी काळजीपूर्वक जपलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

विल्हेवाट लावण्यात मात्र आपण तरबेज आहोत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जप्त मालाची यादी करून, फोटो-व्हिडिओ काढून ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्याची सोय आहे. गाड्या गंजत पडू नयेत, हा हेतू रास्तच. फोटोतून डीएनए निघत नाही, इतकं बारीकसारीक कायद्याने कुठवर बघायचं?

आणि आपल्याला जपताच येत नाही, असं तरी कसं म्हणावं? २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याखाली आरोपींचे आणि कैद्यांचे घेतलेले बोटांचे ठसे, बुबुळांच्या नोंदी आणि जैविक नमुन्यांचे निष्कर्ष तब्बल ७५ वर्षं ठेवायचे आहेत. निर्दोष ठरलात तर पुसतात. पण निर्दोष ठरायला घटनास्थळावरचा डाग शिल्लक हवा! उद्या एखाद्या कैद्याने तुरुंगातून अर्ज केला की माझ्या खटल्यातला नमुना पुन्हा तपासा, तर उत्तराचा मसुदा मी आत्ताच देऊन ठेवतो: ‘सदर नमुना उपलब्ध नाही. आपल्या अंगठ्याचा ठसा मात्र सुरक्षित आहे.’