मुक्काम पोस्ट डॉट-कॉन्फिग

ज्याला प्रवासाची हौस आहे पण रजा शिल्लक नाही, त्याने लिनक्सवर व्हिडिओ एडिटर टाकावा. गाडी फलाटावरून हलत नाही, तरी मुलूख पाहून होतो.

भाच्याच्या मुंजीचं चित्रीकरण कापून नातेवाइकांना पाठवायचं होतं. एडिटरवर क्लिक केलं की स्वागताची पाटी झळकायची, तिच्याखालची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि सगळं गडप. ना निरोप, ना दिलगिरी. एडिटरचं नाव सांगत नाही. धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजा!

वाटाड्या म्हणून पुतण्याला धरला. "काका, टर्मिनलमधून सुरू करा. निदान मरताना काहीतरी बोलेल."

बोलला. काळ्या पडद्यावर भराभर ओळी, मधूनमधून एमएलटीचा उल्लेख (केडीएनलाइव्ह, शॉटकट यांच्या पोटात हेच इंजिन असतं) आणि शेवटी 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड'. म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत नको त्या हद्दीत पाय टाकला आणि कर्नेलने त्याला तिथल्या तिथे आडवा केला. एवढा तत्पर नाका मी महामार्गावर पाहिलेला नाही.

पहिला संशय ग्राफिक्सवर. पडद्यापर्यंत जायला इथे दोन रस्ते: १९८७ पासूनचा एक्स-११ आणि २००८ मध्ये आखायला घेतलेला वेलँड. नव्या रस्त्यावर काही प्रोग्रॅम अडखळतात, म्हणून जुन्याने पाठवून पाहिला. त्याच ठिकाणी पडला.

मग आला सर्वांचा लाडका उपाय: काढून पुन्हा टाका. माझं स्पष्ट मत आहे की हा उपाय चहा होईपर्यंत हात रिकामे राहू नयेत म्हणून शोधलेला आहे. प्रोग्रॅम काढला तरी होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज तशाच राहतात. नवा भिडू येतो, जुनीच चिठ्ठी वाचतो आणि तसाच कोसळतो.

ती चिठ्ठी लपवलेली असते. नावाआधी टिंब दिलं की लिनक्समध्ये फोल्डर दिसेनासा होतो. पुतण्याने कंट्रोल आणि एच दाबलं, तशी आख्खी वस्ती उगवली: डॉट-कॅश, डॉट-लोकल, डॉट-कॉन्फिग. शेवटच्या गावात एडिटरची फाइल सापडली. तिच्या नावाला 'जुनी' असं शेपूट लावलं. एडिटर सुरू केला. पडला.

"काका, हा फ्लॅटपॅकवाला आहे का हो?"

होता. फ्लॅटपॅकने टाकलेला प्रोग्रॅम आपलं बिऱ्हाड वेगळं मांडतो: डॉट-व्हार, त्यात अ‍ॅप, त्यात एडिटरचं लांबलचक नाव, त्यात कॉन्फिग. आम्ही वडगाव शेरीच्या पाहुण्याला वडगाव मावळात हुडकत होतो! इथल्या फायलीत जीपीयूवर इफेक्ट चालवण्याच्या पर्यायापुढे 'ट्रू' लिहिलेलं होतं. तो कोणी चालू केला यावर घरात अजून एकमत नाही. हिचंही नाव बदललं आणि पट्टी पहिल्यांदाच टोकाला पोचली.

तुमच्यावर ही वेळ आली तर फाइल पुसू नका, फक्त नाव बदला. मांडणी आणि शॉर्टकट पुन्हा लावावे लागतील. प्रोजेक्टची फाइल आणि क्लिपा मात्र तुम्ही ठेवल्या तिथेच असतात, त्यांना धक्का लागत नाही.