मार्गदर्शक, सेन्सर आणि मामा

मुलुंडमध्ये नववीतलं मूल दिसलं की लोक तब्येत विचारत नाहीत, ‘होमी भाभाला बसलीय ना?’ एवढंच विचारतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली सुरू केली, सहावी आणि नववीसाठी. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मूल आपलं आपण पार करतं. पुढे कृतिसंशोधन प्रकल्प येतो, आणि त्यात अख्खी सोसायटी उतरते.

भाचीचा विषय होता गच्चीवरच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी. पालिकेचं पाणी ठरल्या वेळी खालच्या टाकीत येतं, पंप ते वर चढवतो, आणि टाकी भरल्याचं वॉचमनला पाणी अंगणात कोसळू लागलं की कळतं.

मार्गदर्शक म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे काका लाभले. जन्म पंपांच्या कंपनीत गेलेला, निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते. दादरला गाडी बदलून ते ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून आर्डुइनो, वायरी आणि अल्ट्रासोनिक सेन्सर घेऊन आले. सेन्सर ध्वनिलहरी सोडतो, पाण्यावर आपटून त्या परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, त्यावरून पाण्याची पातळी कळते. कागदावर झकास. पण झाकणाखालच्या दमट हवेत त्याच्या दोन्ही डोळ्यांवर थेंब जमले आणि अर्धी टाकीही त्याला काठोकाठ दिसू लागली. काका सोल्डरिंग आयर्न घेऊन गच्चीवर, काकू जिन्यातून जेवायला हाका मारतायत, आणि बालवैज्ञानिक बाजूला वही घेऊन उभी. मध्येच तिने एका वायरीला हात लावला तर काका कडाडले, ‘तू नको मध्ये येऊस!’

मग ती खाली जायची. ‘मामा, आज पंप कधी बंद केलात?’ वॉचमन सांगायचा, ती लिहून घ्यायची. सुरुवातीला पाणी वीस-वीस मिनिटं सांडत होतं. मग पाच. सेन्सर धड बसायच्या आत सांडणंच थांबलं. वही येणार म्हणून मामा आधीच घड्याळ लावून बसू लागले होते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून असाच घोळ झाला होता. उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं. आपल्यावर कोणाचं तरी लक्ष आहे म्हणून, असा अर्थ पुढे लावला गेला. भाचीने तोच निष्कर्ष काढला, हॉथॉर्नचं नावही न ऐकता.

काका भडकले. ‘मग सेन्सर कुठे गेला?’ भाचीने तो ‘मर्यादा’ या मथळ्याखाली टाकला होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर ‘भविष्यातील वाव’ यावर तडजोड झाली.