रंग खंय गेले?

मांडवी एक्स्प्रेसमध्ये वाचायला पुस्तक नेणं हा शुद्ध आशावाद आहे. सकाळी सातच्या सुमारास ही गाडी सीएसएमटीहून सुटते आणि पनवेल येईपर्यंत डब्यातून इतके पदार्थ फिरून जातात, की प्रवाशाचे दोन्ही हात कायमचे तेलकट. तरी या खेपेस मी ई-इंकचं अँड्रॉइड यंत्र घेऊन चढलो. आकाराने पुस्तकाएवढं, पण आत प्ले स्टोअर. फोनवरची बहुतेक ॲपं यात चालतात. फक्त काळ्यापांढऱ्यात आणि आपापल्या सवडीने.

नुसतं वाचायचं यंत्र घेतलं तर ते बहुधा आपल्याच दुकानातल्या पुस्तकांवर खूश असतं. यात मात्र किंडलचं ॲप टाका, बुकगंगाचं टाका, साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवलेल्या पीडीएफ टाका, सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. घोळ एवढाच, की याच मोकळ्या दारातून व्हॉट्सॲपही आत येतं.

पनवेल मागे पडलं, गाडी दक्षिणेला लागली आणि डावीकडून ऊन आत आलं. डबाभर शटरं खाली ओढल्याचे आवाज झाले. समोरचे प्रवासी फोनवर पंजाचं छप्पर धरून बसले होते आणि मी एकटा माणूस शटर वर करा म्हणत होतो. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या प्रकाशावर दिसतो. ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठसठशीत. शेजारच्या मावशींनी नाइलाजाने शटर वर केलं आणि मोबदला म्हणून माझ्या पडद्यात डोकावायचा हक्क मिळवला.

तेवढ्यात आतेभावाचा ‘शुभ सकाळ’ आला. मूळचे गुलाब लाल असावेत. माझ्याकडे ते राखाडी होऊन, काळ्या चौकटीत, खाली हात जोडलेले, असे पोचले.

“अगो बाई! कोण गेलं?” मावशींनी विचारलं.

“कुणी नाही हो, गुलाब आहेत ते.”

“वय काय होतं?”

मी घाईघाईने कादंबरीत शिरलो, तर गुलाबही मागोमाग आला. ई-इंकची ही सवयच आहे: पान बदललं तरी मागच्या पानाचं भूत पुसट रेंगाळतं. नायिका नायकाचं पत्र वाचत होती. त्या परिच्छेदावर गुलाब उमटला आणि, खरं सांगायचं तर, शोभलाही.

समोरचे कणकवलीचे काका बराच वेळ हे निरखत होते. शेवटी त्यांना राहवेना. “काय रे, हेचे रंग खंय गेले?”

मी समजावून सांगायला घेतलं. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात, कुपीत पांढरे आणि काळे कण. दोघांवर उलटसुलट विद्युतभार. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. एका इंचात असे 300 ठिपके, त्यांची अक्षरं होतात. मग वीज बंद केली तरी कण जागचे हलत नाहीत.

काकांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे डब्यासारखाच. स्टेशन इला की उतरणारे दारात, बाकीचे आत.”

“अगदी बरोबर.”

“आणि तो गुलाब?”

“ते स्टेशन गेलं तरी दारातच उभे राहणारे.”

“मग पोलीस येऊन सगळ्यांका आत ढकलतत.” काका म्हणाले आणि मी पडदा पूर्ण ताजा करायचं बटण दाबलं. पडदा एकदा लख्ख काळा, एकदा लख्ख पांढरा झाला आणि गुलाब गेला. ई-इंक कंपनी 1997 साली अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधनातून निघाली, कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. हे ऐकल्यावर “म्हणजे आपल्या रेल्वेच्याच वयाचा” असं म्हणून काकांनी यंत्राला घरचं मानून टाकलं.

घरच्याला कामं सांगायची पद्धत असते. चिपळूण सोडल्यावर हुकूम आला, “मॅच लाव.” मी पडदा वेगवान मोडवर टाकला. या मोडमध्ये चित्र भरभर बदलतं, पण राखाडी छटा जवळजवळ नाहीशा होतात. गोलंदाज धावत आला. त्याच्यामागून त्याची तीन भुतं धावत आली. चेंडू कुणालाच दिसला नाही आणि फलंदाज पॅव्हेलियनकडे चालायला लागला.

“आउट कसो झालो?”

“ते अजून यायचंय, काका.”

ते येण्याआधी करबुडे बोगदा आला. साडेसहा किलोमीटरचा. नेटवर्क गेलं, मॅच गोठली, आतेभाव मुका झाला. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. अभियंत्यांनी ते डोंगरांमुळे खोदले असं म्हणतात, पण वाचकाने आभार मानायला हरकत नाही.

पडद्याचा पिवळसर दिवा लावला आणि एका जुन्या निबंधसंग्रहाची स्कॅन केलेली पीडीएफ उघडली. अशा पीडीएफमध्ये पुस्तकाबरोबर त्याचं नशीबही येतं: वाचनालयाचा गोल शिक्का, कसरीने काढलेली वळणदार नक्षी, स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याचं टोक. जुना कागद पिवळा, म्हणून पडद्यावर सगळं पान राखाडी. कॉन्ट्रास्ट वाढवला तशी अक्षरं गडद झाली आणि समासातून आणखी कोणीतरी वर आलं. कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘साफ खोटे!’ पुढच्या पानावर ‘पुन्हा तेच!’ काका मान वाकडी करून वाचत होते. लेखकाचं म्हणणं त्यांना पटत होतं की नाही कोण जाणे, पेन्सिलवाल्याचं मात्र दर वेळी पटत होतं. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघं वाचक एकाच पानावर होतो. असं वाचन रंगीत पडद्याच्या फोनवर माझ्याकडून झालेलं नाही.

रत्नागिरीला टीसी आले. यंत्र बंद असताना जे चित्र दिसतं, त्या जागी मी तिकीट लावून ठेवलं होतं. साहेबांनी बोट टेकवलं, दोन बोटांनी ताणून मोठं करून पाहिलं.

“हँग झालंय.”

“नाही साहेब, बंद आहे.”

“बंद आहे तर दिसतंय कसं?”

मी कुप्यांपासून सुरुवात करणार, एवढ्यात मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्या गेलेल्या माणसाचं असेल तिकीट.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आधार कार्ड मागितलं, हातातल्या यंत्रात नाव ताडून पाहिलं आणि मी हयात असल्याचं मान्य करून पुढे गेले. 64 मीटर उंचीच्या पानवल पुलावर सगळा डबा खिडकीशी फोन धरून उभा होता. माझ्या यंत्राला कॅमेराच नाही, त्यामुळे पूल मी डोळ्यांनी पाहिला. उत्तम आहे.

कणकवलीला उतरताना काकांनी किंमत विचारली. सांगितली. “ह्या पैशात टीव्ही येता,” ते म्हणाले, “रंगीत.”

हिशेब चुकीचा नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते हे फक्त मुकाट वाचणाऱ्यासाठी खरं. वाय-फाय, दिवा आणि पाठीमागे चालणारी ॲपं यांनी ती कुडाळच्या आत अर्ध्यावर आली. तरीही ज्याला चार ठिकाणची मराठी पुस्तकं आणि जुन्या पीडीएफ एका जागी, उन्हात बसून वाचायच्या आहेत, त्याने खुशाल घ्यावं. फक्त त्यात व्हॉट्सॲप टाकू नका, मॅच लावू नका, आणि तिकिटाची छापील प्रत खिशात ठेवा.