मेन मेन बघून घेऊ

"मेन मेन बघून घेऊ" हे आमच्या काकांचं धोरण आहे आणि ते फक्त प्रवासापुरतं नाही. लग्नाला गेले की दोन्हीकडच्या मेन मेन मंडळींना नमस्कार घालून ते पहिल्या पंगतीला बसतात. पेपरातले मथळे वाचतात आणि निधनवार्ता. हंपी त्यांनी एका सकाळीत उरकलं. नगरचं टँक म्युझियम शिर्डीहून परतताना बघितलं, बाकीच्यांचा चहा होईपर्यंत, आणि तिथल्या रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीबद्दल ते अजून बोलतात. पुण्यातलं केळकर संग्रहालय मात्र राहिलंय. आपल्याच गावातलं आहे, कधीही जाता येईल, म्हणून आजवर कधीच गेलेले नाहीत.

कुठल्याही संग्रहालयात शिरल्या शिरल्या काका तीन प्रश्न विचारतात. बंद कधी होतं? बाहेर कुठून पडायचं? आणि "अजून काय काय आहे?" हा तिसरा प्रश्न पहिल्या दालनात पाऊल टाकायच्या आधीचा असतो. मग खिशातून बँकेची डायरी निघते, तिच्या दोरीला बांधलेलं बॉलपेन निघतं, आणि फोटो सुरू होतात. आधी पाटीचा फोटो, मग जमलं तर वस्तूचा. "वस्तू काय, समोर दिसतेच आहे. पाटी घरी जाऊन वाचता येते." त्यांच्या फोनमध्ये अशा न वाचलेल्या पाट्यांचं एक स्वतंत्र संग्रहालय तयार झालंय. निम्म्या पाट्यांवर डावीकडे त्यांचा अंगठा आहे.

हे काका गेल्या उन्हाळ्यात काकूंना घेऊन माझ्याकडे श्टुटगार्टला आले, आणि मर्सिडीज-बेंझचं म्युझियम बघायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी पुण्यातूनच ठरवून आणलं होतं. काका टेल्कोचे. पिंपरीच्या टूलरूममध्ये अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झाल्याला आता वीस वर्षं उलटून गेली, पण त्यांच्यासमोर तो उल्लेख केला तर त्यांना नीट ऐकू येत नाही. टेल्को आणि डाइमलर-बेंझचा करार 1954 सालचा. जमशेदपूरला टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक बनायला लागले. 1969 मध्ये तो करार संपला आणि ट्रकच्या नाकावरची चांदणी जाऊन तिथे इंग्रजी टी आला. काका लागले ते टी आल्यानंतर, त्यामुळे चांदणीवर त्यांचा हक्क तसा काहीच नाही. तरीही आजेसासऱ्यांच्या जप्त झालेल्या वाड्याविषयी बोलावं तसे ते तिच्याविषयी बोलतात. 1995 मध्ये पुण्यात मर्सिडीज मोटारी जुळवायला सुरुवात झाली तीही टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातच. हे त्यांनी एस-बानमध्ये शेजारी बसलेल्या एका जर्मन आजींना सांगून टाकलं, हिंदीत.

मी सकाळी नऊला जाऊ म्हणत होतो.

"साडेचारनंतर तिकीट निम्मं असतं," काका म्हणाले.

"अहो काका, सहाला बंद होतं. दीडच तास मिळेल."

"दीड तास म्हणजे नव्वद मिनिटं. गाड्या किती?"

"एकशे साठ."

डायरी उघडली. काकांच्या पिढीची पावकी-निमकी अजून शाबूत आहे. "एका गाडीला पावणेचौतीस सेकंद. भरपूर झाले की! आपल्याला काय विकत घ्यायच्यात?"

इकडचे श्वाबी लोक जर्मनीभर काटकसरीसाठी ओळखले जातात. त्यांच्यावरचे विनोद एक शब्दही न बदलता सदाशिव पेठेत चालतील. त्या दिवशी तिकिटाच्या रांगेत आमच्या पुढे चार-पाच स्थानिक कुटुंबं घड्याळाकडे बघत साडेचार वाजायची वाट पाहत उभी होती. काकांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तिकिटाबरोबर गळ्यात अडकवायचं ऑडिओ गाइड मिळालं. जाताना यंत्र परत करायचं, पट्टी आपल्याला राहते, असं कळल्यावर काकांनी ते गळ्यात घातलं. कानाला मात्र शेवटपर्यंत लावलं नाही. "ते बोलत बसतं. वेळ जातो."

ही इमारत 2006 साली उघडली. ॲमस्टरडॅमच्या यूएनस्टुडिओने ती आखताना डीएनएचा पीळ डोळ्यांसमोर ठेवला. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि गोल गोल उतरत खाली यायचं. उतरायच्या वाटा दोन, एकमेकींत गुंतलेल्या. एका वाटेवर 1886 पासून काळाच्या क्रमाने लावलेली सात दालनं आहेत, दुसरीवर विषयवार पाच: प्रवासी गाड्या, मालाच्या गाड्या, मदतीला धावणाऱ्या, नामवंतांच्या, असं. मजल्यामजल्यावर एका वाटेवरून दुसरीवर जाता येतं. वेळ थोडा असेल तर काळाची वाट धरावी आणि मोह झाला की पलीकडे डोकावून यावं, एवढं ते सोपं आहे. काकांना त्यात अन्याय दिसला. तिकीट दोन्ही वाटांचं, आणि बघायची एकच?

तोडगा त्यांनी लिफ्टमध्येच काढला. वीजबिलाची आणि पोस्टाची रांग एकाच वेळी गाठायची असेल तेव्हा त्यांच्या घरी जो वापरतात तोच. "हे बघ," ते काकूंना म्हणाले, "तू तिकडून उतर, मी इकडून उतरतो. मध्ये मध्ये भेटू, आणि जे बघितलं ते एकमेकांना सांगू. म्हणजे दोघांचंही सगळं बघून होईल."

काकू "बरं" म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी फार निगुतीने वापरलाय.

लिफ्टचं दार उघडलं की समोर पहिला दिसतो तो घोडा. पांढरा, जिन्नस उत्तम. मोटार येण्याआधी काय होतं ते आठवावं म्हणून उभा केलेला. काकांनी विचारलं, "हा एकशे साठात धरायचा का?"

घोड्याला वळसा घालून पुढे गेलो आणि तिथे सगळं वेळापत्रक कोसळलं. समोर कार्ल बेंझची तीनचाकी होती. 29 जानेवारी 1886 ला जिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला ती, पेटंट क्रमांक 37435. तारेच्या आऱ्यांची सायकलसारखी चाकं, बसायला घोडागाडीसारखा बाक, आणि बाकाच्या मागे उघडंच ठेवलेलं इंजिन. काकांनी पाटीचा फोटो काढला. मग फोन खिशात घातला. मग चष्मा बदलला. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले.

"फ्लायव्हील आडवं आहे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"नुसतं हो काय? आडवं का आहे?"

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी टूलरूममध्ये होतो. एवढं जड चाक उभं फिरवलं तर गाडी वळवताना त्रास देईल अशी बेंझला धास्ती वाटली, म्हणून त्याने ते आडवं निजवलं. इंजिन सुरू करायचं तर हेच चाक हाताने फिरवायचं. एकच सिलिंडर, 954 सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवर. "पाऊण!" काका म्हणाले, "आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीपेक्षा कमी." पट्ट्यावरून मधल्या शाफ्टला, तिथे डिफरन्शियल, तिथून दोन बाजूंना साखळ्या मागच्या चाकांना. थंड करायला पाणी, तेही नुसतं उकळून उडून जाणारं. आणि चाकं तीन का, तर दोन चाकं एकदम नीट वळवायची कशी हे त्याला तोवर मनासारखं सुटलं नव्हतं. "सुटलं नाही तर थांबला नाही बघ. एक चाक कमी केलं." हे सगळं ते बोटाने हवेत दाखवत होते. दोरीच्या पलीकडे बोट जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी ते मनगट धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण एखादी गोष्ट बघता बघता ती डायरीत नोंदवायला विसरताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

काकू पलीकडे कानाला यंत्र लावून शांत उभ्या होत्या. मग त्या त्यांच्या वाटेने निघून गेल्या.

घड्याळात पाच वाजायला आले होते. काकांनी डायरी काढून नवा हिशोब मांडला: उरलेल्या एकशे एकोणसाठांना प्रत्येकी साडेचोवीस सेकंद. इथून ते जे सुटले! मर्सिडीज हे नाव एमिल जेलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं, ही माहिती त्यांनी चालता चालता स्वीकारली. डिझेल, सुपरचार्जर, महायुद्ध, सगळं उतारावरच झालं. वर उघडणाऱ्या दारांच्या 300 एसएलपाशी क्षणभर थांबून म्हणाले, "स्टाइल नाहीये ती. नळ्यांची चौकट बाजूला उंच आली, दार आडवं उघडायला जागाच नाही उरली. अडचण होती." आणि पुढे.

वाटा जिथे मिळतात तिथे काकू भेटत.

"काय होतं तिकडे?"

"अर्जेंटिनाची एक बस होती. आपले ट्रकवाले करतात तशी नक्षी काढलेली. फार गोड."

"झाली बघून. पुढे?"

खालच्या मजल्यावर पुन्हा गाठ.

"पोपची गाडी आहे."

"काचेची?"

"हो. आत उभं राहून हात हलवायची सोय आहे."

"झालं तर मग." डायरीत बरोबरची खूण. ज्या गाडीपासून ते वीस पावलांवर होते ती गाडी त्यांनी अशा रीतीने पाहिली.

पण काकू बोलून गेल्या की मघाशी मालाचे ट्रकही होते, आणि काका उलटे वर चढले. तिथे लांब नाकाचा एक जुना ट्रक उभा होता, बॉनेटवर चांदणी. काका त्याच्याभोवती फिरले नाहीत, सरळ चासीखाली वाकले. "पाटे बघ. पाटे बघ कसे बसवलेत." एक रखवालदार लगबगीने आला. काका तसेच वाकलेले, मान वर करून म्हणाले, "टेल्को. पुणे. इंडिया." रखवालदाराला काय कळलं देव जाणे, पण तोही वाकला आणि दोघं मिळून पाटे बघू लागले. एक मराठीत बोलत होता, दुसरा जर्मनमध्ये. मी दुभाष्याचं काम देऊ केलं, ते दोघांनीही नाकारलं.

रखवालदाराने मग स्वतःहून इमारतीचं एक गुपित सांगितलं, तेवढं मात्र मला सांगावं लागलं. आग लागली तर मधल्या उंच चौकात 144 झोतांनी हवा सोडून 34 मीटर उंचीची वावटळ उभी करतात, ती धूर वर ओढून बाहेर टाकते. गिनीज बुकात तिची नोंद आहे. काकांचे डोळे चमकले. "चालू करून दाखवतात का? पाच मिनिटं?"

शेवटच्या दालनात, चंदेरी रेसच्या गाड्यांपाशी पोचेपर्यंत बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. काकांनी अर्धवट धावत मला 1934 ची गोष्ट सांगितली. वजनाची मर्यादा 750 किलो, गाडी किलोभर जास्त भरली, म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचं ॲल्युमिनियम चमकायला लागलं, असं म्हणतात. "असं म्हणतात" यावर त्यांनी टूलरूमवाल्याला शोभेल असा जोर दिला. मी सांगितलं की 2022 मध्ये याच इमारतीत 1955 सालची एक 300 एसएलआर कूपे लिलावात साडेतेरा कोटी युरोंना गेली. काकांनी रुपये केले. अकराशे कोटींच्या वर. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिला एक मिनिट द्यायला पाहिजे होतं."

पुण्याला परतल्यावर निगडीच्या त्यांच्या निवृत्तांच्या कट्ट्याने काकांचं अनुभवकथन ठेवलं. दीड तासाच्या भेटीवर काका पावणेदोन तास बोलले, आणि तोही पूर्वार्ध होता. मी तो व्हिडिओ कॉलवर पाहिला. पडद्यावर एकामागून एक पाट्या येत होत्या. आडव्या फ्लायव्हीलवर ते आले तेव्हा मात्र पडदा विसरून हवेत बोट फिरवायला लागले आणि मागच्या रांगेतले दोन जुने फिटर उठून पुढे येऊन बसले.

मग कुणीतरी कार्ल बेंझच्या बायकोबद्दल विचारलं. काकांकडे तिची पाटी होती, पण अंगठ्याखाली. काकू पहिल्या रांगेतून उठल्या आणि त्यांनी बर्था बेंझ सांगितली. 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन तिने त्याची गाडी मानहाइमहून फॉर्त्सहाइमला माहेरी नेली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्याला चामडं ठोकून घेतलं. काकूंनी एकही तपशील सोडला नाही. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच पडल्या.

शेवटी प्रश्न आला, "साहेब, दीड तासात नक्की किती गाड्या पाहिल्यात?"

"एकशे साठ," काका म्हणाले. "घोडा सोडून."

"एक पाहिली," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बाकीच्या ह्यांनी मोजल्या."