दोघांच्या नाटकाचा कपडेपट

नाटक मंडळीचे पोशाख, टोप, दागिने आणि लुटुपुटीची शस्त्रे ज्या विभागाच्या ताब्यात असतात त्याला कपडेपट म्हणतात, आणि तो सांभाळणारा माणूस मंडळीत सर्वांत चिडका व सर्वांत अपरिहार्य समजला जातो. पुण्याच्या नारायण पेठेत या माणसाची एक घरगुती जात आढळते. तिच्या मंडळीत सभासद दोनच, तेही एकमेकांचे नवरा-बायको. प्रयोग बंद दाराआड, आणि प्रेक्षकांना मज्जाव. सज्ञान जोडीदारांनी परस्परांच्या संमतीने, एकांतात, भूमिका वाटून घेऊन खेळायच्या या शृंगारिक खेळाला हल्ली सर्रास ‘रोलप्ले’ म्हटले जाते. त्यासाठी पोशाख निवडण्याची जबाबदारी जो कोणी न सोपवता स्वतःकडे घेतो आणि मग सोडता सोडत नाही, तो गृहस्थ हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

वयाने तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, बँकेतून किंवा विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला असतो, मुले शिकून परदेशी गेलेली असतात, आणि कपाटातल्या फायलींवर विषयवार चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. त्याच्या आजोबांना हा खेळ ठाऊक नव्हता असे म्हणण्यापेक्षा तो त्यांच्या घरात मावत नव्हता असे म्हणणे अधिक शास्त्रीय ठरेल. कारण दोन खणांच्या बिऱ्हाडात (दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात) सासू, नणंद, पाहुणा आणि वाराने जेवणारा विद्यार्थी यांच्या उपस्थितीत नवऱ्याने नवऱ्याची भूमिका वठवणे हेच मुळात अवघड होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे त्या पुरात पडले, उरलेल्यांपैकी बरेचसे पुढे बिल्डरांनी पाडले, आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत पेठेतील सर्वसामान्य कुटुंबाला आतून कडी लावता येईल अशी शयनगृहे मिळाली. शृंगाराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या कडीकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

वेषांतराविषयीची त्याची मूळ कल्पना संगीत नाटकातून आलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘संगीत सौभद्रा’त अर्जुन यतीच्या वेषात सुभद्रेच्या जवळ जातो, खाडिलकरांच्या १९११ सालच्या ‘मानापमाना’त भामिनी वनमाला होऊन धैर्यधराला भेटते, आणि दोन्हीकडे समोरच्याला पत्ता नसणे हाच कथानकाचा कणा असतो. तेव्हा वेष पालटायचा तो न सांगता, असा समज होऊन हा गृहस्थ आपला पहिला प्रयोग हमखास अघोषित करतो. भगवी कफनी, दाढी आणि कमंडलू घेऊन तो तिन्हीसांजेला बेल वाजवतो, पत्नी दार साखळीपुरते किलकिले करते, सुटे पैसे नाहीत असे सांगते आणि लावून घेते. जिन्यात उभ्या राहिलेल्या त्या यतीला शेजारी पाण्याच्या वेळेविषयी विचारतात ते वेगळेच. या अनुभवातून त्याला जो सिद्धांत गवसतो तो संपूर्ण विषयाचा पाया आहे: पौराणिक वेषांतरात एकाला माहीत असते आणि दुसऱ्याला नसते, तर या खेळात दोघांनाही सर्व काही आधीपासून माहीत असावे लागते. पोशाखाने येथे काहीच लपवायचे नसते, आणि आतला माणूस कोण हे पक्के ठाऊक असल्याशिवाय बाहेरच्या दाढीची गंमत येत नाही.

सिद्धांत एकदा पटला की हा गृहस्थ त्याची नियमावली तयार करतो. संमती म्हणजे दोन्ही पक्षांनी स्वखुशीने, समजून-उमजून दिलेली आणि कोणत्याही क्षणी परत घेता येणारी मान्यता, ही व्याख्या पहिल्या पानावर असते. त्याखाली भूमिकांच्या तक्त्यात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ असे तीन रकाने आखलेले असतात. हा तक्ता पाहून पत्नी तिसरा रकाना काट मारून खोडते, कारण नारायण पेठेत ‘बघू’ याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो, फक्त तो चहा झाल्यावर सांगितला जातो. दोन रकाने उरल्यामुळे काम सोपे होते, आणि तिच्या या दुरुस्तीने मसुदा सुधारला हे कबूल करणे भाग आहे.

थांबण्याचा शब्द हे दुसरे आवश्यक कलम. खेळ चालू असताना ज्याचा उच्चार होताच, कारण न विचारता, सर्व काही थांबवायचे, असा एक शब्द आधी ठरवून ठेवतात. तो एरवी त्या प्रसंगी तोंडात येणारा नसावा, एवढीच अट असते. या गृहस्थाने निवडलेला शब्द ‘पानशेत’ हा असतो. तो उच्चारताच खेळ तत्काळ थांबतो यात शंका नाही, पण त्यानंतर आपल्या वाड्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे वडिलांकडून ऐकलेले वर्णन सुरू होते आणि ते थांबवण्यासाठी नियमावलीत कोणताही शब्द दिलेला नाही.

कपडेपटाच्या प्रत्यक्ष निवडीत या पुरुषाचा खरा स्वभाव दिसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी वेष, अलंकार व रंगभूषा यांनी होणारा तो आहार्य. शिवाय वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत नेपथ्यप्रयोग, म्हणजे प्रसंगाला साजेसा वेष करण्याची कला, स्वतंत्रपणे मोजली आहे. हे दोन आधार हाती असल्यामुळे आपण चैन करत नसून शास्त्र पाळत आहोत, अशी त्याची खात्री असते. त्याच नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा आणखी एक भेद आहे. व्यवहारात जसे असते तसेच दाखवणे ती लोकधर्मी रीत, आणि संकेताने सुचवून भागवणे ती नाट्यधर्मी. गृहस्थ कट्टर लोकधर्मी असतो आणि पत्नी उपजत नाट्यधर्मी, त्यामुळे या घरातला मतभेद शृंगाराचा नसून नाट्यशास्त्रीय असतो, आणि म्हणूनच तो अधिक काळ टिकतो.

उदाहरणादाखल पेशवाईतील सरदाराची भूमिका घेता येईल. देवादिकांना आणि पूज्य ऐतिहासिक पुरुषांना या खेळात आणायचे नाही, असा सुज्ञ नियम त्याने स्वतःच केलेला असल्यामुळे हा सरदार नाव, गाव, लढाई आणि जहागीर यांपैकी काहीही नसलेला असतो. तरीही त्याच्या अंगरख्याचे बंद डावीकडे बांधायचे की उजवीकडे, हा प्रश्न गृहस्थाला झोपू देत नाही. तो १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयाची वाट धरतो, जुन्या चित्रांच्या प्रतिकृती भिंगाखाली पाहतो, आणि अभ्यासाचा विषय विचारला असता ‘अठराव्या शतकातील गृहजीवन’ असे उत्तर देतो, जे तंतोतंत खोटे म्हणता येणार नाही. पत्नीच्या मते गळ्यात उपरणे टाकले की सरदार झाला. तिच्यासाठी त्याने आणलेली शिवलेली नऊवारी, म्हणजे काष्टा आधीच शिवून कमरेला नाडी लावलेले तयार वस्त्र, ती पाच मिनिटांत नेसून बसते, तर तो दुकानात ज्याला ‘पेशवाई’ म्हणतात तो काष्टा पेशव्यांपेक्षा चित्रपटांना अधिक जवळचा आहे, असे टिपण वाचत असतो. टिपण संपेपर्यंत ती झोपी जाते. नियमावलीनुसार झोप ही संमती नसल्यामुळे तो दिवा मालवून आपली पाने क्रमवार लावून ठेवतो.

पोलिसाचा गणवेश हा जगभर या खेळातला लोकप्रिय पोशाख असला, तरी नारायण पेठेत तो कायद्याच्या पुस्तकातून जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ प्रमाणे, आपण त्या वर्गाचे लोकसेवक आहोत असे समजले जावे या हेतूने लोकसेवकासारखा वेष घालणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ मध्ये हा दंड २०० रुपयांपर्यंत होता. दंडात झालेली पंचवीस पट वाढ गृहस्थाला अस्वस्थ करते आणि शयनगृहात फौजदार झाल्यास ‘समजले जावे असा हेतू’ सिद्ध होतो काय, यावर तो विचार करू लागतो. पत्नीचा निर्वाळा थोडक्यात असतो: “अहो, इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही फौजदार वाटला नाहीत, काळजी करू नका.” कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे, आणि वर उल्लेखिलेला सिद्धांतही याहून नेमका मांडता येणार नाही.

भूमिकांची अदलाबदल हे प्रकरण तो परंपरेच्या बळावर मंजूर करून घेतो. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी स्त्रीभूमिकांत नेसलेले शालू पाहून घरंदाज स्त्रिया आपली नेसण्याची ढब बदलत, हा दाखला दिल्यावर पत्नी एकच अट घालते, की लुगडे त्याने स्वतः नेसायचे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर वस्त्र. त्याचा केळ, ओचा आणि काष्टा एकट्याने जमवताना बालगंधर्वांविषयीचा त्याचा आदर दुणावतो. त्यासाठी तो स्थानिक अभिमानाने नारायणपेठी साडी आणतो, आणि ती या पेठेची नसून तेलंगणातील नारायणपेठ गावची आहे हे कळल्यावर दुकानदाराशी दोन दिवस बोलत नाही. पत्नी मात्र डोक्यावर पुणेरी पगडी ठेवून, पाय पसरून, त्याच्या खुर्चीत बसते आणि चहा मागवते. या प्रयोगात शृंगाराचा अंश किती आणि हिशेब चुकता करण्याचा किती, हे ठरवणे कठीण आहे.

वस्तुतः या जोडप्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग कपडेपटाविना होतो. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या भोजनयानात, म्हणजे प्रवाशांना टेबलापाशी बसून खाता येते अशा डब्यात, दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसतात एवढाच प्रसंग, आणि तो ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर टोस्ट मांडून वठवतात. येथे गृहस्थाची कोंडी होते, कारण अनोळखी माणसाचा पोशाख कोणत्याही दुकानात भाड्याने मिळत नाही. अंगातला सदरा तिनेच घेतलेला, आणि स्वेटर तर तिनेच विणलेला. अडचण सुटते ती संबोधनाने. त्या टेबलापाशी ती त्याला ‘अहो’ म्हणते, परंतु ते एरवीचे, गॅस बंद करायला सांगणारे ‘अहो’ नसते, परक्या पुरुषाला खिडकी उघडू का असे विचारणारे असते. आणि तो तिला ‘अगं’ऐवजी ‘आपण’ म्हणतो. लग्न ठरवताना कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वापरलेले ते ‘आपण’ इतक्या वर्षांनी घरात आले की दोघांच्याही कानांच्या पाळ्या लाल होतात. लोकधर्मी पक्षाचा हा उघड पराभव असला, तरी गृहस्थ त्याची नोंद ‘किरकोळ प्रयोग’ या सदरात करतो.

ऋतुमानाविषयी थोडेच सांगणे पुरे. घुंगरू लागणाऱ्या भूमिका गणपतीच्या आधीचे काही आठवडे राखून ठेवतात, कारण तेव्हा नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना दुसरे काही ऐकू येत नाही. डिसेंबर-जानेवारी हा काळ मात्र निरुपयोगी असतो. त्या दिवसांत ड्रेपरीत, म्हणजे नाटकांना आणि स्नेहसंमेलनांना पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात, सगळा माल शाळांनी आरक्षित केलेला असतो. उरतात ते सहा वर्षांच्या मापाचे मावळे, वासुदेव, टोमॅटो आणि कोबी, आणि मोठ्यांच्या मापात एक पट्टेवाला व एक अस्वल.

दुकानात चौकशी झाल्यास गृहस्थ भाच्याच्या शाळेचे नाव पुढे करतो, आणि एवढा मोठा भाचा कोणत्या इयत्तेत आहे या प्रश्नावर अडखळतो. अखेर पत्नी स्वतः सोबत जाते. “कार्यक्रम कुठला, बाई?” असे मालक पावतीपुस्तक उघडत विचारतात, ती “घरगुती” असे सांगते, आणि ते मान वर न करता तसे लिहून घेतात, त्यांच्या पुस्तकात मागच्या पानांवरही तो शब्द बऱ्याच वेळा आलेला असतो. फक्त घरगुती कार्यक्रमाला सवलत नाही, सवलत शाळांनाच आणि तीही मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याच्या पत्रावर, एवढे ते स्पष्ट करतात. ज्याला आजवर गुपित फुटण्याची भीती वाटत होती तो गृहस्थ आता सवलतीसाठी आवाज चढवतो, आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांचे रीतसर संमतिपत्र घरी तयार असताना ते येथे ग्राह्य का धरू नये, असा मुद्दा उपस्थित करतो. पत्नी तोवर अनामत भरून अस्वलाचे डोके आपल्या मापाचे आहे का ते घालून पाहत असते.