मवाळ माणसाची धमकी

अमेरिकी गायक-गीतकार जेम्स टेलर कुणाला धमकी द्यायला गेला, तर समोरचा माणूस घाबरण्याऐवजी त्याला चहा विचारेल. हा नुसता अंदाज नाही, पुरावा उपलब्ध आहे. १९७० सालच्या ‘स्वीट बेबी जेम्स’ या अल्बममध्ये ‘स्टीमरोलर’ नावाचं गाणं आहे. त्यात हा गृहस्थ स्वतःला रोडरोलर म्हणवतो, सिमेंट मिक्सर म्हणवतो, थेट नापाम बॉम्बपर्यंत पोचतो. आवाज मात्र असा, की हा रोडरोलर आधी प्रत्येक दाराची बेल वाजवून “आपली गाडी जरा बाजूला घेता का?” असं विचारील आणि वहिनींनी दिलेलं सरबत संपवूनच पुढे सरकेल. गंमत म्हणजे गाणं थट्टेचंच आहे. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खात्यापित्या घरची गोरी पोरं महागड्या गिटारी घेऊन ब्लूजचं दुःख उगाळत बसायची, त्यांची ही खिल्ली. टेलरचे स्वतःचे वडील नॉर्थ कॅरोलायनातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन. तेव्हा खातंपितं घर म्हणजे काय, हे त्याला बाहेर जाऊन बघायची गरज नव्हती.

पण याचं दुःख खोटं नव्हतं, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. ‘फायर अँड रेन’ घ्या. मैत्रिणीची आत्महत्या, हेरॉइनचं व्यसन, मोडलेला बँड. एवढ्या ऐवजावर आपल्याकडे तीन अंकी नाटक उभं राहतं आणि दुसऱ्या अंकाला प्रेक्षागृहात रुमाल निघतात. टेलर हे सगळं तीनेक मिनिटांत सांगतो आणि ऐकणारा म्हणतो, “वा, किती शांत वाटलं!” मी हे गाणं दाताच्या दवाखान्यात, रूट कॅनालच्या खुर्चीवर ऐकलं आहे. त्या मोडलेल्या बँडचं नाव होतं ‘फ्लाइंग मशीन’. गाण्यात त्याचे तुकडे झाल्याचा उल्लेख येतो म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं तिथे विमान पाडलं. एवढ्या मऊ आवाजात काहीतरी भयंकर सांगितलं जातंय हे लक्षात आल्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी निदान अपघात तरी मोठा घेतला.

घरच्या ओढीचीही हीच तऱ्हा. १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘ॲपल रेकॉर्ड्स’नं ब्रिटनबाहेरचा जो पहिला कलाकार घेतला, तो हा. वय वीस, मुक्काम लंडन, आणि रेकॉर्डिंगला बास वाजवायला साक्षात पॉल मॅकार्टनी. दुसरा कुणी असता तर त्यानं घरी कळवलं असतं, की आता माझी वाट बघू नका. यानं काय गायलं? ‘कॅरोलायना इन माय माइंड’. मला घराची आठवण येते! पुढे १९७५ मध्ये त्यानं मेक्सिकोवर गाणं केलं. तिथल्या सुखाची तोंडभरून तारीफ करून झाल्यावर तो सांगून टाकतो, की आपण काही खऱ्या अर्थानं तिकडे गेलेलो नाही. एवढा प्रामाणिकपणा प्रवासवर्णनाच्या प्रांतात शिरला, तर आपल्या ग्रंथालयांची निम्मी कपाटं रिकामी होतील.

अशा निरुपद्रवी माणसालाही शत्रू असतात. मार्च १९७१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्याला मुखपृष्ठावर बसवलं. त्याच वर्षी लेस्टर बँग्ज या तिखट रॉकसमीक्षकानं एक लांबलचक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच जेम्स टेलरच्या मरणाची तजवीज होती. लेख वाचायला घ्यावा, तर तो बराचसा ‘ट्रॉग्ज’ या भलत्याच बँडविषयी. म्हणजे स्वतःच्या खुनाच्या कटातही याला मुख्य भूमिका मिळाली नाही.

सगळ्यावर कळस चढवला तो अमेरिकी सरकारनं. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतरच्या मोर्चात देशोदेशीचे नेते हातात हात घालून चालले. अमेरिकेचा मोठा नेता मात्र दिसेना. टीका झाली. मग परराष्ट्रमंत्री जॉन केरी पॅरिसला गेले आणि जाताना जेम्स टेलरला घेऊन गेले. नगरभवनात गिटार निघाली आणि टेलरनं ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ गायलं. जगातली सर्वांत मोठी लष्करी ताकद, विमानवाहू जहाजं, अण्वस्त्रं, आणि दिलगिरीसाठी बाहेर काढलं काय, तर हे! शिवाय गाणं लिहिलेलं कॅरोल किंगनं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत टेलरचं जे एकमेव गाणं पहिलं आलं, ते हेच. म्हणजे चूक एकाची, गाणं दुसरीचं आणि समजूत घालायला तिसरा. अमेरिकेत यावर मनसोक्त हसून घेतलं गेलं. मला मात्र केरीसाहेबांची निवड पटते. बॉब डिलनला नेलं असतं, तर नक्की कोण कुणाची माफी मागतंय हेच फ्रेंचांना कळलं नसतं.

हा मवाळपणा आपोआप आलेला नाही, हे त्याचे गिटारचे धडे पाहिले की कळतं. त्यात तो गिटार कशी लावायची ते दाखवतो. प्रत्येक तार नेमक्या सुरापेक्षा किंचित खाली, आणि किती खाली तेही तारेगणिक ठरलेलं. कारण कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि तार छेडली, की ती वर चढते. स्वतःच्या तारांनासुद्धा आवाज चढवू न देणारा हा माणूस! या संथपणाचं फळही संथपणेच मिळालं. पहिला अल्बम १९६८चा. अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक २०१५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी.

आमच्या घरात टेलरबद्दल दोन मतं आहेत. बायकोचं म्हणणं, “याला कधी राग येत नाही का रे?” माझं म्हणणं, येत असणार, पण गाण्यात उतरेपर्यंत निवतो. मात्र एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. टेलर चालू असताना भांडण रंगत नाही. गॅस सिलिंडर कुणी नोंदवायचा होता, यावर आवाज चढवावा तर पुढच्याच कडव्याला आपलंच बोलणं आपल्याला असभ्य वाटू लागतं. म्हणून आता गंभीर विषय निघाला, की बायको आधी स्पीकर बंद करते आणि मग म्हणते, “हं, बोल आता.”